मावशीने माळ्यावर टाकलेली पत्रं

माझी सत्यवती मावशी गोवा राज्य झालं त्या वर्षी मांद्र्याच्या बालवाडीत लागली आणि वीस वर्षांनी निवृत्त झाली. मग तिने घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या आणि त्यासाठी साठीच्या घरात ईमेल शिकली. दर नोव्हेंबरात हेल्गा नावाची जर्मन विधवा यायची, ती दोन महिने राहायची. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघी संध्याकाळभर कसल्या गप्पा मारायच्या देव जाणे.

एका वर्षी ऑक्टोबर सरत आला तरी हेल्गाचं पत्र नाही. मी डिचोलीहून गेले, तर मावशी तोंड पाडून बसलेली.

"हेल्गान माका सोडल्यान गो सिद्धी. कोणाचोच मेल येना."

मी कॉम्प्युटर उघडला. लॉटरी लागल्याची पत्रं समोर राजरोस बसलेली, आणि पाहुण्यांची सगळी स्पॅमच्या कप्प्यात. खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. हंगाम संपला की मावशी गाद्या बांधून माळ्यावर टाकते. तशीच मे महिन्यात तिने पाहुण्यांची झाडून सगळी पत्रं त्या कप्प्यात टाकली होती, नीट राहावीत म्हणून. तिथलं महिन्याभरात आपोआप पुसलं जातं, हे तिच्या गावीही नव्हतं.

मी कपाळावर हात मारला. "अगो, तो कचरा टाकायचा कप्पा. तू काय टाकतेस ते मशीन बघतं. कुणाचं पत्र, कुठले शब्द पुन्हा पुन्हा येतात, खोली, समुद्र, नोव्हेंबर, सगळं मोजतं. मग तसलं नवीन आलं की तुला न विचारता तिथेच ढकलतं."

मावशी पडद्याकडे बघतच राहिली. "म्हणजे मीच तेका शिकयलंय?"

"तूच."

"वीस वर्षां पोरांक अ आ शिकयताना माजो घसो बसलो. आनी हो नुसतो माजो हात बघून शिकलो?"

ऑफिसात मी रोज मशीनला असं शिकवायचंच काम करते, पण खरं सांगते, त्यातलं नवल मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. तिने जे मनातही आणलं नव्हतं, ते कॉम्प्युटर तिच्याकडून शिकला होता.

हेल्गाचं एकच पत्र उरलं होतं. 'हे चौथं पत्र. रविवारपर्यंत वाट बघेन. उत्तर नाही आलं तर या वर्षी मी गोव्याला येणार नाही.' तो शनिवार होता.

उत्तर मावशीने स्वतः लिहिलं, मला हात लावू दिला नाही. मग उरलेलं एकेक पत्र उघडून 'स्पॅम नाही' दाबत गेली आणि लॉटरीवाल्यांना स्पॅममध्ये घालत गेली. सावकाश, पोराचा हात धरून पाटीवर गिरवून घ्यावं तशी.

रविवारी सकाळी समोरच्या पानावर दोन पत्रं होती. एक कुणा अनोळखी माणसाचं, समुद्राजवळ खोली मागणारं. त्याचं नावही आम्ही कधी ऐकलं नव्हतं, तरी ते बरोबर जागी आलं होतं.

दुसरं हेल्गाचं. 'मला वाटलं तू गेलीस. कुणाला विचारू तेही कळेना. तिकीट काढते.'

मावशीने चष्मा काढून डोळे पुसले.

"मी हंय तिका गाळी घालतंय," ती म्हणाली, "आनी ती थंय माज्या नावान रडता."