बरणीतले दोन तुकडे

तिला सगळे चिमटा म्हणायचे. नळ्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तिने अठ्ठावीस वर्षं काढली, आणि तेवढ्या काळात तिने चिमटली नाही अशी नळी फाटकाबाहेर पडली नाही. चिमटायची, वाकवायची, कापून हुंगायची आणि मनास आली नाही की टोपलीत फेकायची. साहेब म्हणायचा, "बाई, जरा चांगल्या नजरेनं बघा." ती म्हणायची, "नळी चांगली असली की नजर आपोआप चांगली होते." कारखाना बंद पडला, पण बोटांची खोड गेली नाही. दुकानात पाव चिमटायची, घरात गादी चिमटायची. माणसांना मात्र ती जिभेनेच चिमटे काढायची.

असल्या बाईचा धाकटा भाऊ कारकून निघाला, हे एक वेळ देवाने केलं म्हणू. पण त्या कारकुनाला पन्नाशी उलटल्यावर घरी मोटार बांधायचं खूळ लागलं, हे त्याचं त्यानेच केलं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं ठोकाठोक चालली होती. इंजिन भंगारातल्या व्हॅनचं. दारं एक लांब, एक आखूड. खुर्च्या मोडीत निघालेल्या सिनेमाघराच्या. माणूस उठला की बैठक फटकन मिटायची. रंग मात्र तीन हातांचा, आरशासारखा. कारकुनाचं असंच असतं, आत काही असो, वर शिक्का झकास पाहिजे.

हे सगळं चिमटाने हसण्यावारी नेलं असतं. पण गाडीत पहिली बसणार होती आई. ब्याऐंशी वर्षांची. तिची धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि बसची पायरी गुडघ्यांना झेपेना म्हणून दोन वर्षं दोघींची गाठ नव्हती. ही गाडी इतकी बुटकी की आई नुसती बसली तरी आत पोचेल. "मरायच्या आधी तिच्याशी एकदा भांडून येते," म्हणायची.

रविवारी निघायचं ठरलं. शनिवारी धाकट्याने बहिणीला बोलावून बॉनेट उघडलं. टाकीकडून कार्बोरेटरकडे काचेसारखी स्वच्छ नळी गेली होती.

"ताई, बघ. पेट्रोल धावताना दिसतं की नाही?"

"दिसतंय. तुझं डोकंसुद्धा असंच आरपार दिसतंय. आत काही नाही."

"अगं, कचरा अडकला, हवा शिरली, सगळं बाहेरून कळतं!"

चिमटाने नळी दोन बोटांत धरली. "कुठनं आणलीस?"

"मासे पाळतात ना, त्यांच्या दुकानातनं."

"मग मासेच सोड की टाकीत." तिने नळीवरचा हात साडीला पुसला. "पेट्रोल हिच्यातला मऊपणा पिऊन टाकतं, मुडद्या. महिन्याभरात वाळक्या काडीसारखी होईल. एक खड्डा लागला की तडकेल, पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडेल. आणि वर कोण बसलंय? आई. उद्याचं जाणं रद्द."

धाकट्याचा चेहरा पडला. मग त्यानेही चिमटा काढला. "तू नळ्यांपलीकडे काही बघितलंस का गं जन्मात? कारखान्याला टाळं लागून नऊ वर्षं झाली, तुझा तोरा काही उतरत नाही."

हे लागलं. ती तरातरा खोलीत गेली, खिडकीजवळच्या ट्रंकेवरचं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काळ्या नळीचं वेटोळं घेऊन आली. कारखान्याच्या शेवटच्या दिवशीचा शेवटचा माल. साहेबाकडून मागून घेतलेला. "याला नळी म्हणतात. मी स्वतः पास केलेली. ही घाल."

"अशी कशी घालू? तूच सांगायचीस ना, तुकडा पेट्रोलात तीन आठवडे बुडवल्याशिवाय सख्ख्या बापाच्या नळीवरही भरवसा ठेवू नये?"

सांगायची खरी. आपलेच दात, आपलेच ओठ. एका बरणीत दोघांच्या नळ्यांचे दोन तुकडे पडले, वर पेट्रोल, घट्ट झाकण, आणि बरणी शेडच्या सावलीत.

"तीन आठवडे?" आई दारातून ओरडली. "तोवर मी टिकेन का?"

"टिकशील," चिमटा म्हणाली. "जुना माल आहेस."

धाकटा रोज बरणीला प्रदक्षिणा घालायचा. चिमटा ढुंकून बघायची नाही. पहिल्या नंबरची पोर निकालाच्या दिवशी झोपून राहते, तसा तिचा तोरा.

एकविसाव्या दिवशी झाकण उघडलं. धाकट्याचा तुकडा पिवळा पडला होता. तिने वाकवला. कट्! दोन तुकडे. "घे. आता दात कोर याने."

धाकटा खाली बघत म्हणाला, "पण ताई, पेट्रोल काळं कशानं झालं?"

तिने दुसरा तुकडा काढला. डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. नळी फुगली होती, पोटातून सोलवटली होती, आणि चिमटल्याबरोबर बोटाला काजळ लागलं. नऊ वर्षं खिडकीतल्या उन्हात तापलेलं रबर. शिवाय पेट्रोलही आता तिच्या वेळचं राहिलं नव्हतं. हल्ली त्यात स्पिरिट, म्हणजे इथेनॉल, घालतात, ते जुन्या रबराला सोसत नाही. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गावभरच्या वस्तूंना चिमटे काढणाऱ्या बाईने आपलं वेटोळं नऊ वर्षांत एकदाही चिमटलं नव्हतं. लुगड्यात गुंडाळून ठेवलं होतं, बाळंतिणीसारखं.

"म्हणजे ताई, तुझीसुद्धा..."

"माझीसुद्धा नापास. जरा मोठ्यानं बोल, आईला ऐकू गेलं नाही." आणि तिने तुकडा, मागोमाग सगळं वेटोळं कचऱ्याच्या टोपलीत हाणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "मावशी, नळ्या सगळ्या सारख्याच असतात."

"दुकानदारही सगळे सारखेच असतात. तारीख दाखव."

पहिल्या नळीवर तारीखच नव्हती. दुसरीवर होती, पण सहा वर्षांपूर्वीची. तिसरी वाकवली तर पोटात चपटी झाली. चौथीवर तारीख ताजी होती, स्पिरिटच्या पेट्रोलाला चालते असं छापलं होतं, आणि वाकवली तरी तोंड गोल राहिलं. तिने ती कापायला लावली, हुंगली, चिमटली. "हीच दे. वितीभर जास्त दे, बरणीसाठी."

"बरणीसाठी?"

"विचारू नका," धाकटा म्हणाला.

आईने पुढचे तीन आठवडे दोघांना शिव्या दिल्या. तुकडा जसा गेला तसा बाहेर आला. तेव्हा कुठे नळी गाडीत बसली, आई सिनेमाच्या खुर्चीत बसली, आणि चिमटा मागे, खिडकीतून नाक बाहेर काढून वास घेत. वाटेत खड्डे होतेच. धाकट्याने एकही चुकवला नाही.

मावशी दारातच उभी होती. आई उतरली, मागे बैठक फटकन मिटली, आणि दोघी बहिणी तिथल्या तिथे, कोण आधी आजारी पडली होती यावरून भांडायला लागल्या.

चिमटाने कुणाला रामराम न करता बॉनेट उघडलं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत बोटं फिरवली. कोरडी.

"काय गं," मावशीने भांडण थांबवून विचारलं, "गाडी बरी आहे ना?"

"गाडी भिकार आहे," चिमटा म्हणाली. "नळी चांगली आहे."