वाघोडियाच्या गेटवर शिंदेकाकांचा अंगठा

भूतखेत मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. नवापूरला शिकलेला, घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. जे काही मिळालं ते सायन्समुळे. तरीही हे लिहितोय, कारण जे झालं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय...

मोबाइल नुकते लोकांच्या खिशात आले होते, तेव्हाची गोष्ट. बडोद्यात मकरपुरा इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी सिस्टिम ऑफिसर होतो. कंपनीचं दुसरं युनिट वाघोडियाला. दोन्ही गेटांवर आम्ही अंगठ्याने हजेरी घेणारी मशीन बसवली. अंगठा ठेवायचा, ठसा टेलिफोन लाइनवरून माझ्या खोलीतल्या सर्व्हरवर येणार, जुळला की हजेरी.

मकरपुऱ्याच्या प्रेस शॉपमधल्या शिंदेकाकांचा ठसा काही केल्या उमटेना. "वीस वर्षं लोखंड घासलंय साहेब, रेषा राहतील कुठून?" शेवटी मीच त्यांचा अंगठा धरून त्यांच्या कपाळावर घासला – तेलकटपणाने ठसा नीट येतो – आणि काचेवर दाबला. आठव्या खेपेला मशीनने घेतला.

"जमलं लग्न," काका म्हणाले. "आता नांदवा."

चार महिन्यांनी पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली तोच अंगठा मुळापासून गेला.

काका हॉस्पिटलात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांची हजेरी लागली. वाघोडियाला. मग रोजच. तिथला वॉचमन म्हणे, त्या नावाचं कुणीच येत नाही.

मला वाटलं, लाइनवरून जाणारा ठसा कुणीतरी चोरलाय आणि तोच पुन्हा पुन्हा पाठवतोय. पण चोरलेला ठसा रोज तंतोतंत सारखा आला असता. हा रोज थोडा वेगळा – कधी तिरका, कधी जोरात दाबलेला. जिवंत माणूस ठेवतो तसा. मी प्रामाणिकपणे रिपोर्ट लिहिला: सिस्टिममध्ये दोष नाही, अंगठा खरा आहे.

त्या रिपोर्टनेच काकांचा घात केला. कामावर परतल्यावर त्यांना स्टोअरमध्ये हलकं काम मिळायचं होतं, मिळाली चौकशी. पर्सनल डिपार्टमेंटचे मेहतासाहेब म्हणाले, "मशीन खोटुं ना बोले, भाई. तुमचा अंगठा तर गेला. मग रोज लागतो तो कुणाचा? पहिल्यापासून दुसऱ्याचाच नोंदवलाय तुम्ही!"

काकांनी बँडेज बांधलेला हात टेबलावर ठेवला. "ह्यांनीच घेतला होता साहेब. सांग ना रे बेटा, कपाळावर घासला होतास तू."

साहेब माझ्याकडे वळले. कुणाची ओळख नसताना त्यांनी मला नोकरी दिली होती. आणि रिपोर्टवर सही माझी होती.

"चारशे लोकांचे ठसे घेतले सर," मी म्हणालो. "प्रत्येकाचा लक्षात नाही."

काकांनी हात टेबलावरून उचलून घेतला. तीन वर्षं उरली होती रिटायर व्हायला.

काढून टाकल्याचं पत्र दिलं तेव्हा डाव्या हाताने त्यांना सही जमेना. क्लार्क म्हणाला, "ना फावे तो अंगूठो मारी दो, काका!" सगळे हसले. मीही... थोडासा.

ते निघाले. मी खिडकीतून बघत होतो. गेटवरच्या मशीनपासून ते दोन हात लांबून चालले होते, उजवा हात गळ्यातल्या झोळीत. आणि मशीन वाजलं. माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली – शिंदे, मकरपुरा गेट, ठसा जुळला.

"काका, मशीन तो तमने ओळखे छे!" वॉचमन खिदळला.

काका परत फिरले, माझ्या खिडकीशी आले. "बघितलंत ना साहेब? आता तरी लिहा. हात लावला का मी?"

"बघतो," मी म्हणालो.

ते गेटजवळच्या बाकावर बसून राहिले. संध्याकाळी कंपनीची बस सुटेपर्यंत.

तेवढ्या वेळात मी ती ओळ पुसून टाकली. सिस्टिममध्ये दोष आहे, असं माझ्याच सिस्टिमने म्हटलं असतं.

त्यानंतर दोन्ही गेटांवर तो ठसा कधीच आला नाही. मशीन बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस तपासत बसला. त्याला काही सापडलं नाही. मलाही आजवर उलगडा झालेला नाही. दिवाळीत माझं प्रमोशन झालं. आईने गावी पेढे वाटले.