चिंधी बांधलेल्या शेंगा

माझी आत्या लहान वयात विधवा झाली आणि आमच्याकडे परत आली. सासरहून तिने आणलं काय, तर पदराच्या गाठीत मूठभर पावट्याचं बी. भाजे गावात आमच्या घरामागे तिने त्याचा वेल मांडवावर चढवला. जन्मभर राबली ती आमच्यासाठी. तिचं स्वतःचं म्हणावं असं त्या वेलाशिवाय काही नव्हतं.

ठसठशीत शेंगांना ती चिंधी बांधायची. त्या बियाण्याच्या. बाकीच्या आमच्या आमटीत जायच्या. "चिंधीच्या शेंगंला कुनी हात लावायचा न्हाई. वेलावरच वाळू द्या," असं दरवर्षी बजावायची. मी हावरट, म्हणून मला कान धरून वेगळं सांगायची. सकाळी मात्र ती एकटीच राखेची करवंटी घेऊन मांडवाखाली बसे. शेंगा कुरवाळत बसलीय म्हणून आम्ही तिला हसायचो.

मानमोडीच्या तापाच्या साथीत ती चार दिवसांत गेली. पहिल्या काही शेंगांना तेवढ्या चिंध्या बांधून झाल्या होत्या.

त्या शेंगांची राखण मी अंगावर घेतली. दिवसभर माकडं हाकायची. शेंगांवर हिरवट, केसाळ अळ्या दिसल्या. पुढे त्यांच्या जागी तपकिरी कोश चिकटले. मग संध्याकाळचे काडीएवढे पतंग येऊन बसू लागले, पिसांसारखे चिरलेले अरुंद पंख दोन्हीकडे आडवे ताणून. मला ते आवडले. आत्याच्या मांडवाखाली कुणीतरी आलं, एवढंच वाटलं.

आई म्हणाली, "आळ्या लागल्यात गं. वेचून टाक."

"आत्या हात लावू नगं म्हनलीय," मी म्हणाले. आई पुढे झाली तसा मी रडून आकांत केला. तिलाही मेलेल्या नणंदेचा शब्द मोडवेना. ती आत गेली.

माघात शेंगा सोलायला बसलो, तर एकूण एक शेंगेला भोकं आणि आत कुरतडलेले दाणे. त्यातल्या त्यात बरे निवडून आषाढात लावले. एकही उगवला नाही. बिनचिंधीच्या शेंगा तर आम्ही केव्हाच खाऊन बसलो होतो. त्या दिवशी मी जितकी रडले, तितकी आत्या गेली तेव्हाही रडले नव्हते.

लग्न होऊन लोणावळ्याला आले, तिथे परसात विकतच्या बियाण्याचा पावटा लावला. एकदा शेजारी शेतकी खात्यातले एक गृहस्थ पाहुणे आले होते. वेलावरचा पतंग त्यांनी लगेच ओळखला. पिसारी पतंग म्हणाले. मादी कळ्यांवर, कोवळ्या शेंगांवर अंडी घालते. अळी शेंगेत पुरती शिरत नाही, बाहेरूनच तोंड खुपसून दाणे खाते. कोशही शेंगेवरच करते, आणि महिन्याभरात नवा पतंग तयार.

"औषध काय घालू?" मी विचारलं.

"घरच्या वेलाला औषध कशाला, बाई? रोज सकाळी बोटांनी अळ्या वेचायच्या आणि राखेत टाकायच्या."

राख म्हटल्याबरोबर मला आत्याची करवंटी आठवली. हात लावू नका हे आत्याने आम्हांला सांगितलं होतं. ती स्वतः रोज सकाळी एकेका शेंगेला हात लावत होती.