घरच्या ओट्याची रायल्टी

हसायचं असंन तर आधीच हसून घ्या, मंग सांगतो. मले अजूनही त्या गोष्टीचा राग येते.

तेव्हा आपला वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता. समुद्रपूरच्या वाटेवर माह्या नावानं बांधकामाच्या गोट्याची लहानशी खदान होती. परमिटवर अट अशी, का जेवढ्या बैलबंड्या गोटा निघंन तेवढ्याची रायल्टी सरकारात भरा. त्या साली मी लिहून देलं, एकही बंडी निघाली नाई. तरी नोटीस आली! चौकशी होईन, खोटं निघालं तर परमिट रद्द. अन् आमचं घर चालत होतं त्याच परमिटावर.

माह्यं डोकं असं फिरलं का इचारू नका. गोटा मी इकलाच नाई, मंग रायल्टी कायची? तसाच कचेरीत गेलो अन् नायब तहसीलदारासमोर टेबल बडवलं. तो बिचारा पंचविशीतला पोरगा. म्हणे, येऊन पाहतो.

पोळा झाल्यावर आला. खदानीत पावसाचं पाणी साचलं होतं, त्यात गावच्या म्हशी बसल्या होत्या. म्हशी पाहून त्याची खात्री पटली. नोटिशीबद्दल जवळजवळ माफीच मागितली त्यानं.

आता त्याले तिथूनच जाऊ द्याव का नाई? पण गावात आलेला मानूस चहा न पेता जाईन कसा? घरी आणला, नव्या ओट्यावर बसवला. बायको, शांता, चहा घेऊन आली.

त्यानं ओट्यावरून हात फिरवला. म्हणाला, "दगड फार चांगला आहे. चांद्याहून आणला का?"

झालं! अख्ख्या तालुक्यात माह्या खदानीसारखा गोटा नाई, अन् हा मले चांद्याचं सांगून राह्यला.

"चांद्याहून काऊन आणू, साहेब? माह्याच खदानीतला आहे. याच उन्हाळ्यात चाळीस बंड्या आणल्या."

शांता पदराआडून डोळे वटारून राह्यली होती. मले वाटलं, चहात साखर कमी पडली.

साहेबानं कप खाली ठेवला. "भाऊ, रॉयल्टी विकल्यावर नाही लागत. खदानीतून निघाला की लागते, घरी वापरला तरी."

म्हणजे परमिट गेलंच! पण पोरगा भला होता. कागद काढला, ओट्याकडं पाह्यलं अन् म्हणाला, "एवढ्याशा ओट्याला कशा लागतील चाळीस? वीस लिहितो."

मी गप बसावं का नाई? पण माहा ओटा एवढासा?

"मले खोटा म्हणता का?" मी उठलोच. "टेप काढा. दुसरं टोक मी धरतो."

बेचाळीस भरल्या.

परमिट तेवढं वाचलं, कारण साहेबानं लिहिलं, का यानं स्वतःहून कबूल केलं. दंडासकट रायल्टी भरली, दोन बंड्या जास्तीच्या. तवापासून कोनी पाहुणा ओट्यावर टेकला का शांता घाईघाईनं सांगते, चांद्याहून आणला. अन् मी घरात जाऊन बसतो, कारण मले तोंड आवरत नाई.