पारोळ्याच्या मैदानावरचा जावई

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि तेवढ्यापुरता जावयाचा देव होतो. मला ते देवपण झेपत नाही. पाटावर बसायचं, कुंकू लावून घ्यायचं, टोपी-उपरणं स्वीकारायचं आणि गल्लीतल्या बायका दारातून बघत असताना पोट फुटेस्तोवर खायचं. माझी सासुरवाडी पारोळ्याची. सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात. ते स्वतः एसटीनं जळगावला येऊन आवतण देऊन गेले होते. रविवारी, ऊन उतरल्यावर, दिवेलागणीला जेवण. खापरावरचे मांडे आणि आमरस. मी मान डोलावली होती.

नेमका त्याच रविवारी आमच्या फुटबॉल संघाचा सामना लागला, आणि तोही पारोळ्यालाच.

आमचा संघ म्हणजे दिवसभर दुकानात, शाळेत, पतपेढीत राबून संध्याकाळी खेळणारी माणसं. गुडघा गेल्यापासून मी खेळत नाही, नुसता ओरडतो, आणि ते काम मला फार चांगलं जमतं. दोन्ही साधलं असतं, असं कुणीही म्हणेल. पण जावई गावात आलाय हे एकदा कळलं की पारोळ्यात त्याला कुणी उन्हात बांधावर बसू देणार नाही. दुपारीच उचलून पाटावर नेऊन ठेवतील. म्हणून मी बायकोला सांगितलं, दुकानात माल उतरतोय, मालकानं सुट्टी नाकारली. ती मुलीला घेऊन सकाळच्या एसटीनं गेली. दुपारी मी क्रूझरच्या मागच्या बाकावर, कपाळाला संघाची लाल पट्टी बांधून, त्याच रस्त्यानं त्याच गावाला निघालो.

मैदान बाजार समितीच्या मागे होतं. गोलाला केळीच्या बागेभोवती बांधतात ती हिरवी जाळी लावलेली, रेषा चुन्याच्या, लिंबाच्या झाडावर भोंगा. सासुरवाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला, किल्ल्याकडे. आबा आयुष्यात कापूस आणि बैल सोडून कशाकडे बघत नाहीत. मी निर्धास्त होतो. पाहुण्यांच्या बाजूला, बांधावर, आम्ही मूठभर जण बसलो.

पहिल्याच टप्प्यात आम्ही गोल केला आणि माझ्या अंगात आलं. समोर तीनशे-चारशे पारोळेकर, आणि आम्ही एवढेसे. अशा वेळी तोंड हेच हत्यार. माझी आई अहिराणी बोलायची. दुकानात मी ती कधी ओठावर येऊ देत नाही, पण डिवचायला तिच्यासारखी भाषा नाही. मी उभा राहून ओरडलो, "घर चाला रे, घर चाला! मांडा थंडा व्हई राह्यनात!" म्हणजे मांडे गार होतायत; हरलात, आता घरी जाऊन गिळा. अधिक महिना असल्यामुळे ते बरोबर लागलं. आमच्या माणसांनी तालच धरला. पारोळ्याची माणसंही हसली. माइकवाल्याला तर इतकं आवडलं की त्यानं ते भोंग्यावरून दोनदा म्हणून दाखवलं. सगळ्या गावाला ऐकू गेलं असेल. मला फार अभिमान वाटला.

मध्यंतर झालं. भोंगा खरखरला. माइकवाला म्हणाला, "जळगावच्या पाहुण्यांनी लक्ष द्या. किल्ल्याकडच्या आबांकडे आज धोंड्याचं जेवण आहे. त्यांचे जावई जळगावचे. त्यांना सुट्टी मिळाली नाही. आबांचं म्हणणं आहे, जावयाच्या गावची माणसं आपल्या गावात आलीत, ती उपाशी जाऊ नयेत. सामना संपल्यावर सगळ्यांनी जेवून जायचं आहे."

माझ्या हातातलं पाण्याचं पाऊच तसंच राहिलं. आमच्या मंडळींत आनंदीआनंद झाला. कुणी म्हणालं, देवमाणूस आहे. शेजारचा म्हणाला, "आणि जावई बघ कसला करंटा. मांडे सोडून दुकान धरून बसलाय." सगळे हसले. मीही हसलो. हसलो नसतो तर कुणी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं. त्या हसण्याची मला खोट्यापेक्षा जास्त लाज वाटते.

मी पट्टी डोळ्यांवर ओढली आणि पळायची वाट शोधू लागलो. मागे काटेरी तार होती. तेवढ्यात समोरून, चुन्याची रेषा तुडवली जाऊ नये म्हणून मैदानाला पूर्ण वळसा घालून, आबा येताना दिसले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर नवं उपरणं. ते उपरणं माझ्यासाठी आणलेलं होतं हे मला बघताक्षणी कळलं. माणूस आवतण द्यायला निघताना घालतो तसे कपडे घालून ते आले होते. आमच्या कप्तानासमोर हात जोडून ते म्हणाले, "जवाईले सुट्टी नही भेटनी. तुम्ही त्यासना गावना शेतस. दोन घास खाईसन जा."

आणि मग त्यांनी मला पाहिलं.

मी उभा राहिलो. बसून राहणं शक्य नव्हतं. कपाळावर लाल पट्टी, घसा बसलेला, घामानं भिजलेलो. आबांची नजर पट्टीवर गेली, मग माझ्या चपलांवर. त्यांचे जोडलेले हात हळूहळू सुटले. त्यांच्यामागून गल्लीतले दोघे-तिघे आले होते. त्यातला एक म्हणाला, "आबा, हाऊ तं तुमना जवाई शे."

जमीन दुभंगावी असं म्हणतात. ती दुभंगत नाही. चारशे माणसांसमोर तशीच घट्ट राहते.

आबा त्या माणसाकडे वळून म्हणाले, "म्हंजे? सुट्टी भेटनी त्यासले. मन्हाच ध्यानमा नही ऱ्हायनं." माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. हा माणूस वजनात खोटं बोलत नाही म्हणून व्यापारी त्याचा कापूस पुन्हा तोलून बघत नाहीत. त्याला माझ्यासाठी, भर मैदानात, खोटं बोलावं लागलं. त्यांना ते जमलंही नाही. बोलताना कान लाल झाले.

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या खांद्यावर ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "घर चाला, पाव्हना. मांडा थंडा व्हई राह्यनात."

आमच्यातलं कुणी हसलं नाही. भोंगा किल्ल्यापर्यंत ऐकू जातो. त्यावर आलेले ते शब्द मुळात कुणाचे, हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही.

दुसरा टप्पा सुरू व्हायच्या आत मी त्यांच्या मागे चालू लागलो. सगळा रस्ता ते पुढे आणि मी मागे. वाटेत भेटेल त्याला ते सांगत होते, "जवाई उनात." जावई आलेत, एवढंच; कुठून आलो ते कुणालाच सांगितलं नाही. सामना आम्ही जिंकलो हे मला मागून कळलं. संघातली मंडळी जेवायला आली, तेव्हा एकानंही विषय काढला नाही. तेही मला टोचलंच.

दारात बायको उभी होती. तिनं पट्टीकडे पाहिलं. भोंग्यावर आवाज कुणाचाही असो, शब्द कुणाचे ते तिला कळतं. तिनं तोंड उघडायच्या आधी आबा म्हणाले, "एसटीवरथून लई उनू त्यासले." एसटीवरून घेऊन आलो म्हणे. आज दुसऱ्यांदा खोटं. ती बापाकडे बघत राहिली आणि आत गेली.

मला पाटावर बसवलं. कुंकू लावण्यासाठी सासूबाईंनी कपाळावरची पट्टी स्वतःच्या हातानं सोडली, नीट घडी करून पाटाशेजारी ठेवली. ताटात मांडे वाढले. दुपारपासून झाकून ठेवलेले. कडा चिवट झाल्या होत्या. मी पहिला घास रसात बुडवला आणि तो हातातच धरून राहिलो. सासूबाई बघत होत्या. त्या ओशाळल्या.

"थंडा व्हई ग्यात ना?" त्या म्हणाल्या. "चुकनंच मन्हं. तुम्ही येशात, इतली आस धरीसन आदुगरच करी ठेवात."