खाऱ्या मैदानावरचे भूगोलाचे सर

कुठलीही गोष्ट विचारली की सर आधी उकिडवे बसत, दोन बोटं जमिनीत खुपसत आणि म्हणत, "हात घालून बघा, मग बोलू." प्रश्न वेळापत्रकाचा असला तरी. मग स्वतःच ओशाळून उठत आणि बोटं रुमालाला पुसत. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या सवयीचं आधी हसू येतं आणि पुढे तिच्यावाचून करमत नाही.

वाशीतली आमची शाळा तेव्हा नवीकोरी होती. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी मराठी शिकवायचे, ते भूगोल. त्याआधी त्यांनी वीस वर्षं लष्करात कारकुनी केली होती आणि बदल्यांच्या निमित्ताने अर्धं पाठ्यपुस्तक डोळ्यांनी पाहिलं होतं.

'समशीतोष्ण वने' या धड्याला बाकीचे शिक्षक एक तास देत. सर आठवडा घेत. माझा वर्ग शेजारचा, मध्ये पातळ भिंत; माझी मुलं व्याकरण सोडून तिकडेच कान लावत, आणि खरं सांगायचं तर मीही. हिमाचलात हिवाळ्याच्या तोंडावर अक्रोडाची झाडं कशी पिवळी होतात आणि आठ-दहा दिवसांत उघडी पडतात, ते सर सांगत. "आपला साग पानं टाकतो, कारण उन्हाळ्यात पाणी नसतं. तिथली झाडं टाकतात, कारण पाणी गोठलेलं असतं. तहान तीच," ते म्हणत.

मग अंदमान यायचं. तिथे मान दुखेपर्यंत वर बघावं अशी झाडं, पण खाली माती जेमतेम. उष्ण, दमट हवेत पान पडतं न पडतं तोच कुजतं आणि मुळं ते लगेच ओढून घेतात. लडाखात तर पडायला पानच नाही. थंडीच्या रानात मात्र पान सावकाश कुजतं. वर्षावर वर्ष थर साचत जातो, खाली काळी माती होते. तिथे कोपरापर्यंत हात घातला होता, हे सांगताना सर बाही वर करून दाखवत, जणू ती माती अजून लागलेली आहे.

आमचं मैदान मात्र खाडीकाठच्या भरावाचं. वर मुरूम, खाली खारट चिखल. सरांनी बाईंकडून, म्हणजे मुख्याध्यापिकांकडून, मैदानाचा एक कोपरा मागून घेतला. शाळेतला पालापाचोळा जाळायचा नाही, तो इथे आणायचा, असं ठरलं. सातवीच्या मुलांनी वर्षभर पोती भरून पानं आणली. पुढच्या पावसाळ्यात आंबा, फणस, कदंब अशी तीस रोपं लागली.

दिवाळीपर्यंत एकही उरलं नाही. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तांबूस झाल्या आणि रोपं उभ्या उभ्या वाळली. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हिमाचलाची चौकशी केली, सगळे हसले. सरही हसले. पण नंतर दोन महिने त्यांनी तो धडा काढला नाही, आणि कुठे उकिडवेही बसले नाहीत. ते मला फार लागलं.

शाळेत एक शिपाईबाई होत्या, सगळ्यांच्या मावशी. जुन्या वाशी गावातल्या, घंटा देणाऱ्या. एक दिवस चहा ठेवता ठेवता त्या सरांना म्हणाल्या, "सर, पाल्याचा दोष नाय. जमीन खारी हाय. आधी गोरं पानी पाजा तिला." गोरं म्हणजे गोडं.

सरांनी त्यांना बसायला सांगितलं. मावशी उभ्याच राहिल्या आणि सांगू लागल्या. खारी जमीन असली की भोवती हातभर बांध घालायचा. पावसाचं पाणी आत कोंडायचं, मीठ विरघळलं की फट पाडून सोडून द्यायचं. असं पावसाळाभर, दोन पावसाळे. मग भेंडी, करंज लावायचे. भेंडी म्हणजे पिवळ्या फुलांचं झाड, भाजी नव्हे, हे त्यांनी सरांकडे बघून मुद्दाम सांगितलं.

हे सगळं कुठे शिकलात, असं सरांनी विचारलं.

"हितंच. या मैदानावर आमचं भाताचं शेत व्हतं."

सर उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सातवीच्या वर्गात स्वतःच्या खुर्चीवर मावशींना बसवलं आणि आपण शेवटच्या बाकावर, वही उघडून बसले. मावशींनी अर्धा तास पदर सारखा करण्यात घालवला आणि मग तास संपला तरी थांबेनात.

दोन पावसाळे बांध घातला. तिसऱ्या वर्षी भेंडी लागली, करंज लागले. पाला त्यांच्या बुंध्याशी पसरला. पाचव्या वर्षी त्या कोपऱ्यात मुलं डबे खायला बसू लागली. दुपारी दोघं तिथे बोलत बसलेली दिसत. सर दूरची रानं सांगायचे, मावशी भाताच्या जाती.

मग सर निवृत्त झाले आणि भावाकडे बेळगावला गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सगळा वेळ मावशींचे आभार मानले.

पुढच्या जूनमध्ये सरांचा तास रिकामा होता. मला कुणीतरी बघायला पाठवलं, तर वर्ग ओस. सगळी मुलं कोपऱ्यात झाडांखाली होती आणि मध्ये मावशी बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यात पनवेलच्या पलीकडचं गाव पाहिलं नव्हतं. त्या मुलांना थंडीच्या रानातला बर्फ वितळायचे दिवस सांगत होत्या. हे सरांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी भिंतीपलीकडूनही ऐकलं नव्हतं.

"वर झाडं उघडीच असतान," मावशी म्हणत होत्या. "पानं आली का खाली सावली परते. म्हनून जमिनीवरची बारकी फुलं घाई करतान. ऊन हाय तवर उमलून घेतान."

एका मुलीने विचारलं, मावशी, तुम्ही पाहिलीत ती फुलं?

"सरांनी पायली ना," मावशी म्हणाल्या, आणि पुढे सांगू लागल्या. मी चपला काढल्या आणि मुलांमागे जाऊन बसले.