पुणे ते लातूर, पाऊण तास

चहाचा घोट आधी गिळा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागायचा आणि खापर माझ्यावर फुटायचं! मी काय दिवे लावले ते ऐका.

माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न, लातूरला. मी एकुलता एक मामा. म्हणजे तिचा हात धरून तिला बोहल्यावर आणायचा मान माझा. तो चुकवून चालेल का?

ताईचा फोन आला. "आदल्या दिवशीच येऊन पड की रे. रस्त्याचा काय भरवसा?"

आता मी पडलो आयटीवाला! कोथरूडात फ्लॅट, घरात नवंकोरं इंटरनेट. एका वेबसाइटवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. अंतर आलं. उड्डाणाला लागणारा वेळही आला. पाऊण तास!

"ताई, कुठल्या जमान्यात राहतेस? सकाळी नाश्ता करून निघतो. विमानाने!"

झालं! ताईने दाजींना सांगितलं, दाजींनी अख्ख्या गावाला. मीही ऑफिसात कॉलर ताठ करून फिरलो. तिकीट? काढू की सावकाश, पळून जातंय का ते?

लग्नाच्या आदल्या दुपारी सदाशिव पेठेतल्या एका ट्रॅव्हल एजंटाकडे गेलो. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पुण्याहून लातूरला विमान नाही."

"अहो, असं कसं? हे बघा, अंतर दिलंय, वेळ दिलीय!"

"अंतर बरोबर आहे. वेळ बरोबर आहे. विमान तेवढं आपण घेऊन या."

कुठलीही दोन विमानतळं दिली, की ती वेबसाइट मध्ये सरळ रेघ मारून हिशेब करते, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. विमान उडतं की नाही, याच्याशी तिला काय देणंघेणं!

ताईला खरं सांगायचं? छे! एवढ्या फुशारक्या मारल्यावर? गुपचूप संध्याकाळची एसटी धरली. लातूरला उतरून लॉजवर आंघोळ केली, कोट चढवला आणि बरोबर विमानाची वेळ साधून रुबाबात मांडवात शिरलो.

नटलेली भाची पुढे आली. "मामा, कसा झाला प्रवास?"

"झकास! अगं, वरून आपला मांडवसुद्धा दिसला!"

तेवढ्यात पाठीमागून दाजींचा आवाज आला. "मांडव दिसला? मंग विमानतळावर हार घेऊन उभं राहिलेलो आम्ही नाही का दिसलो?"

वळून बघतो तर काय! दाजी, चार पाहुणे आणि घामाघूम बँडवाले! मला चकित करायला गेले होते बिचारे, आकाशाकडे बघून बघून माना अवघडल्या होत्या. भाची इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. खरं सांगू? तिला तशी हसताना बघून मला लाजेपेक्षा आनंदच जास्त झाला.

मुहूर्ताची वेळ झाली. भटजींनी माइकवर पुकारलं, "मामांनी मुलीला घेऊन यावं!"

दाजींनी माइक ओढून घेतला.

"चालत आणा म्हणावं!"